नकलेतली चूक

छबूआत्या धुमाळचं नाव रेशनकार्डावर चबू दुमाळ,
मतदारयादीत दुमाळा, गॅसच्या पुस्तकात चब्बू.
ती निपाणीतून कधी हलली नाही.
नाव तेवढं मराठीतून कन्नडात गेलं, परत आलं,
आणि दर फेरीला वाटेत काहीतरी सांडलं.

आज बेळगावच्या इस्पितळात आणखी एक फॉर्म.
प्रश्न कन्नडात, उत्तरं आत्याची,
मधे मी, दोन्हीकडची अर्धीमुर्धी.

तंबाखू खाता?
"न्हाई गं बाई. कवाच न्हाई."
पेन टेकवून मी थांबते.
मिश्री?
"ती कुटं खायाची आस्ती? दातास्नी लावतो की."
काम?
"वखारीत. चाळण मारायला. आडतीस वर्सं."
नाकाला पदर, तरी संध्याकाळी शिंकलं की रुमाल तपकिरी.
ह्याला फॉर्मवर चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं.

घरात आणखी कुणाला?
"थोरल्या भनीला. पर ती आवसंला वड्याकडं गेल्ती."
ओढा आणि अमावास्या मी भाषांतरात गाळली,
बहीण ठेवली.

डॉक्टर हिरेमठ बॅटरी धरतात.
गालाच्या आत पांढरा चट्टा,
परातीत चिकटून राहिलेल्या पिठाएवढा.
"अजून ते नाही. तुकडा काढून बघू."

"पर कशानं, डाक्टर? माजं काय चुकलं?"

त्यांचं मराठी अडखळतं, पण सोडत नाहीत.
अंग रोज स्वतःची नक्कल काढतंय, म्हणतात,
कारकुनासारखं, कोट्यवधी वेळा.
अक्षर चुकतंय. बहुतेक वेळा खोडून नीट होतंय.
मिश्री, वय,
आईबापांकडून आलेली एखादी जुनी चूक,
वखारीची धूळ सुद्धा असेल,
यांनी हात हलतोय.
हलला की चुकेलच असं नाही.
नाही हलला तरी कधी कधी चुकतंय.

"म्हंजे माज्या नावागत," आत्या म्हणते,
आणि खुर्चीत जरा सैल बसते.

मग तिला पारूबाई आठवते,
नव्वदीपर्यंत मिश्री लावून झोपेत गेली.
आणि रेणके मास्तर,
सुपारीचं खांड तोंडात न घातलेले,
फुफ्फुसानं गेले, त्रेपन्नाव्या वर्षी.
"ह्येचा हिशेब कसा लावायचा?"
"हजार माणसांचा लागतो, आजी. एकाचा लागत नाही."
"मी तर येकटीच आलोय."

त्यावर कुणीच काही बोललं नाही.
बाहेर शिपाई कुणाचं तरी नाव
चुकीचं पुकारत होता.

फॉर्म मिटता मिटता डॉक्टर माझ्याकडे वळले.
आणि तुम्ही? कन्नडात.
आता मधे कुणी नव्हतं.
"इल्ला," मी म्हटलं.
पर्सच्या आतल्या कप्प्यात चपटी डबी,
धाकट्याच्या बाळंतपणापासूनची,
दाढ दुखत होती तेव्हा
आत्यानंच दिलेली.

तेवढं कन्नड आत्याला येतं.
तिनं माझ्या हातातलं पेन बघितलं.
"समासात लिही," म्हणाली.