पूर्वेकडचं कुंपण

पुन्ता अरेनासला वारा पश्चिमेकडून येतो
आणि माणसं त्याच्यावर रेलून चालतात,
ओळखीच्या खांद्यावर रेलावं तशी.
चौकांत धरायला दोर बांधलेत.
कागदांना दोर नाही.
ते उताराने सुटतात, गल्ल्या सोडतात,
आणि आमच्या शाळेच्या पूर्वेकडच्या जाळीला
पोट लावून उभे राहतात
झडतीला उभं केल्यासारखे.

नोल्फा स्वयंपाकघरातली. मी तिच्या हाताखाली.
दोनशे पोरांची ताटं विसळून झाली
की ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन निघते.
पावत्या, तिकिटं, वेष्टनं पोत्यात.
हाताने लिहिलेलं तेवढं डब्यात.

एक चिठ्ठी:
पाव, मेणबत्त्या, दोऱ्याचं रीळ (काळं),
आणि राउलला यातलं काही सांगायचं नाही.
काळ्या दोऱ्यात राउलपासून लपवण्यासारखं काय असेल
यावर आम्ही एक पोतंभर बटाटे सोलले.

वहीच्या एका पानावर
एकच बेरीज सात वेळा, उत्तरं सात.
शेवटच्या उत्तराखाली दोन रेघा,
दमून कबूल केल्यासारख्या.

आणि एक घोडा, निळ्या खडूचा, पाच पायांचा.
नोल्फा म्हणते, पाचवा पाय नव्हे तो,
शेपूट आहे, वाऱ्याने खाली दाबलेली.
मी म्हणते, पाय.
हे भांडण दोन हिवाळे चाललंय.

एकदाच तिने एक कागद परत केला. तो बेरजेचा.
चारचा आकडा उघड्या तोंडाचा,
मटणाच्या बिलावर असतो तसाच:
म्हणजे खाटीक बेलार्मिनो.
त्याने पाहिलं, कान लाल झाले,
"जुनी उधारी. फिटली," म्हणाला
आणि घडी घालून खिशात टाकला.
परतताना नोल्फा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
सात वेळा मोजणारा माणूस होता गं माझ्याकडे,
आता नुसता बेलार्मिनो उरला.

तिच्या घरीही पत्रं येतात.
वीज कंपनी, दवाखाना, ओसोर्नोची बहीण,
सगळ्यांना तिचं नाव ठाऊक
आणि सगळ्यांना काहीतरी हवं.
डब्यातले मात्र तिच्याशी बोलतच नाहीत.
शेजारच्या खोलीत कुणी
आपण एकटेच आहोत असं समजून गुणगुणावं,
आणि आपण हातातली बशीसुद्धा वाजू देऊ नये,
तसं ती वाचते.

सगळ्यात वर असतो एक कोरा कागद.
आठ घड्या, कोपऱ्यांना भोकं पडलेली,
वर्षभर तरी कुणाच्या खिशात राहिलेला.
आत काही नाही. दोन्ही बाजूंनी पाहिलं,
दिव्यापुढेही धरला.
माझ्या हातात तो ती अजून देत नाही.

जूनमध्ये एक दिवस वारा पडला.
धुराडी सरळ वर.
माणसं रस्त्यात अडखळत होती
मधूनच कुणी खांदा काढून घेतल्यासारखी.
कुंपणाला नुसती तार.
नोल्फा डबा घेऊन उभी राहिली,
भेटायला येणाऱ्यांचा दिवस चुकल्यासारखी,
मग आत आली आणि उद्याची यादी लिहायला बसली.

मी सालं टाकायला गेले तेव्हा
ती यादी मागच्या खिडकीच्या कठड्यावर, बाहेर.
माझ्यासाठी नव्हती, म्हणून नीट वाचली:
बटाटे चाळीस किलो. कांदे. मीठ.
घोड्याला पाच पाय होते.
पहिल्या दिवशीच मोजले होते.

वर दगड नव्हता. मीही ठेवला नाही.
पहाटे पत्रे वाजायला लागले.
सकाळी कठडा रिकामा,
जाळीवर दुसऱ्याच कुणाचं तरी काही फडफडत होतं.

शाळेपुढे लोकरीचं गोदाम,
गोदामापुढे सामुद्रधुनी,
आणि पलीकडे तिएरा देल फ्वेगो.
तिथे मेंढ्या आहेत.
म्हणजे कुंपणंही असणार.