तिरपी धरली तर

वादी कबीर, रात्रपाळी.
बलुशी साहेब दोन ताव घेऊन आले,
टेबलावर आपटले:
काळा एक नाही. शाई बदललीस.

शाई तीच. प्लेट तीच. दाबही तोच.
एक आर्ट कार्ड, तीनशे ग्रॅमचं,
दुसरा कोटिंग नसलेला, हाताला
थंड भाकरीच्या पाठीसारखा.
मी लूप दिला त्यांना. म्हटलं, बघा,
इथे ठिपका काठावर थांबलाय,
इथे धाग्याधाग्यात उतरलाय.
शाई पोटात गेली की काळा राखाडी होतो.
आणि उजेड? सपाट तावावरून तो
सरळ परत येतो, सांगून गेल्यासारखा.
ह्या खड्ड्याखळग्यांत दहा दिशांना पांगतो,
कुणाच्याच डोळ्याला पुरता मिळत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं.
मग चमकत्या तावावर बोट ठेवलं:
हा चांगला छापलाय.

हरकत नाही. मीही हरलोय याच जागी.
शलाकाच्या लग्नाची पत्रिका मी
एका बँकेच्या समारंभातून उरलेल्या
सुती कागदावर काढली होती,
तावाला अर्धा रियाल.
सुधीरनने मशीनचा वेग निम्म्यावर आणला.
अक्षरं मुरली होती कागदात,
लोणच्यात मीठ मुरावं तशी.
कुडाळहून मेव्हणा फोनवर:
'गल्फात ऱ्हवान ही असली छापलंस?
झेरॉक्स काय रे?'
व्याही काहीच बोलले नाहीत.
ते जास्त लागलं.

मग पुन्हा. ग्लॉस, वर लॅमिनेशन,
गणपतीला सोनेरी फॉइल.
त्याच प्लेटा, त्याच डब्यातली शाई.
सगळे खूश.
व्हिडिओत पाहिलं मी: मांडवात बायका
पत्रिकेने वारा घेतायत,
आणि हॅलोजन
प्रत्येकीच्या हातात एकेकदा लखलखतोय.

साहेब गेल्यावर ड्रॉवरमधून दोन्ही काढल्या.
चकचकीत पत्रिकेत आधी ट्यूबलाइट दिसते,
मग माझा चष्मा,
मग, तिरपी धरली तर, शलाका.
सुती पत्रिका कशीही धरा,
थोडी राखाडी, पण तीच.

सुधीरन विचारतोय,
साहेबांच्या हजार प्रती कशावर लावू?
आर्टवर, म्हटलं.
आणि पावडर मार जरा,
ताव एकमेकांना डाग लावतात.