मुद्देमाल, अठरा ग्रॅम

चौकीच्या मागची ही खोली.
एक खिडकी, तीही विटांनी बुजवलेली.
नऊ वर्षं हिची चावी माझ्या कमरेला.
कोयते, चोरीच्या सायकली, गॅसच्या टाक्या,
एक हार्मोनियम, ज्याचा मालक कधी आलाच नाही,
आणि तळच्या फळीवर, उत्तरेच्या भिंतीशी
खाकी पाकीट. लाखेचं सील. दोन पंचांच्या सह्या.
आत गांजाच्या बिया. अठरा ग्रॅम.

आरोपी रावजी भोये, वय एकाहत्तर, राहणार सुरगाणा.
पेठ नाक्यावर एसटीतून उतरताना धरला.
पिशवीत नागलीचं पीठ,
धोतराच्या सोग्यात पुडी.
पाला तपासणीला गेला, बिया इथं राहिल्या.
जबाबात म्हणाला, बैलाचं पोट फुगलं की देतो,
आणि हे झाड थोडंच आहे साहेब, नुसतं बी.
साहेब हसले. म्हणाले, बी म्हणजे झाडच,
जरा थांबलेलं.
मी लिहून घेतलं. हे वाक्य सोडून.

सासूबाई निफाडच्या. कांद्याचं उळं धरतात.
डोंगळे सुकले की काळं बी पाखडून
चार दिवस सावलीत पसरायचं, उन्हात नाही,
दाताखाली कट्‌ वाजलं तरच डब्यात,
वर चाळलेली राख, झाकणाला शेण.
डबा चुलीपासून लांब. ओल्या हाताचा माणूस त्याहून लांब.
एवढं करून उळं टिकतं किती, तर वर्ष.
दुसऱ्या वर्षी निम्मं उगवतं, तिसऱ्या वर्षी
नुसती शोभा, म्हणतात.

मी राख नाही घातली.
बुटाच्या खोक्यातली ती पांढऱ्या दाण्यांची पुडी
पाकिटाशेजारी ठेवली, एवढंच.
सील वितळू नये म्हणून थंड भिंत,
उंदरांनी कोर्टाचा कागद खाऊ नये म्हणून पत्र्याचा डबा.
गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं त्या रात्री
आधी हा डबा उचलून माळ्यावर टाकला.
हार्मोनियम भिजला. अजून वास येतो.
बियांसाठी नाही केलं. सहीसाठी केलं.
पण बीला काय कळणार, आपल्याला कशासाठी जपलंय.

तारखा पडत गेल्या.
पंच क्रमांक दोन दुबईला गेला.
साहेब बदलले, तिसरे आले, तेही गेले.
दर एकतीस मार्चला मी पाकीट हलवायचो
आणि वहीत लिहायचो: मुद्देमाल सुस्थितीत.
आतून वाळूसारखा आवाज यायचा.
सुस्थितीत म्हणजे सील सुस्थितीत.
जिवंत की मेलेलं, असा रकाना
वहीत नाही.

यंदा माघात रावजी गेला. खटला बंद.
हुकूम आला: मुद्देमाल नष्ट करावा, पंचनामा पाठवावा.

आडगावच्या मोकळ्या माळावर खड्डा केला.
दोन नवे पंच, एक चहावाला, एक रिक्षावाला,
दोघांनाही घाई.
सील फोडलं. पहिल्यांदाच पाहिल्या.
करड्या, वर काळपट नक्षी,
एखाद्या पाखराच्या अंड्यासारख्या, पण ज्वारीएवढ्या.
एक दाताखाली घालावीशी वाटली.
वर्दीत होतो.

रॉकेल, काडी.
सासूबाई म्हणतात, मेलेलं बी गुपचूप जळतं.
ज्यात काही शिल्लक असतं
ते आगीत बोलतं.

बराच वेळ नुसता धूर.
रिक्षावाला म्हणाला, झालं का हवालदार?
थांब म्हटलं.
मग एक. तट्‌.
मग लगोलग दोन.
मी अकरापर्यंत मोजलं, पुढे रस्त्यावरून
द्राक्षाची गाडी भोंगा वाजवत गेली
आणि आकडा चुकला.

पंचनाम्यात लिहिलं:
अठरा ग्रॅम, संपूर्ण नष्ट.
खाली सही, कौतिक गांगुर्डे, हवालदार,
मुद्देमाल कारकून.
घरी येऊन बूट काढताना
मोज्याच्या विणीत एक अडकलेली दिसली.
मी दिवा मालवला आणि
ती काढली नाही.