तीन ठोके

अकरा वर्षं मी हा खेळ खेळले
आणि एक अक्षर वाचलं नाही.
डोक्यावर पिवळं चिन्ह घेऊन कुणी उभा दिसला
की त्यानं तोंड उघडायच्या आत बटण :
पुढे. पुढे. पुढे. कबूल.
लांडगे किती, बक्षीस काय, एवढंच बोल.
पहिल्याच गावातल्या म्हाताऱ्याची
मुलगी हरवली होती म्हणे.
असेल.

पुंता अरेनासला जूनमध्ये
पाचच्या आधीच दिवस मिटतो.
खेकड्यांच्या कारखान्यातून सुटते तेव्हा
बोटं अजून बर्फाचीच असतात,
आणि वारा असा, की कोपऱ्यावर बांधलेला दोर धरून
म्हाताऱ्या रस्ता ओलांडतात.
घरी शेगडी, किटली, येर्बाचा कडू घोट,
कानांवर हेडफोन.
कास्त्रोहून एलिसेओ, कुठल्याशा जहाजावरून फ्रेसिया,
असे आम्ही सोळा जण,
आणि दलदलीतली ती.

तिला आम्ही जाडी म्हणायचो.
दोनशे वेळा तरी मारली असेल.
तंत्र सोपं : ती हातातल्या लोखंडानं
कढईवर तीन ठोके देते.
एक, दोन, आणि तिसऱ्याला
सगळ्यांनी डावीकडे उडी.
झोपेतसुद्धा जमायचं.
एकदा मी खरंच झोपेत डावीकडे पडले,
पलंगावरून.

त्या रात्री वाऱ्यानं कुठेतरी तार तोडली.
नेटची गोगलगाय झाली.
सगळे गोठलेले, एलिसेओ हवेत अर्धा उडालेला,
आणि मी रिकामी,
विकायची पोतडी आवरत बसले.
गंजका डाव. किंमत तांब्याची तीन नाणी.
असे शेकडो फुंकून टाकलेत.
बाण त्याच्यावर थांबला, नुसता थांबला,
आणि खाली दोन ओळी उमटल्या :

*कडेला दुधाच्या दातांचे व्रण आहेत.*
*डाव चाटल्याशिवाय तो जेवायला बसायचा नाही.*

मी पुन्हा वाचलं.
मग पोतडीच उपडी केली.
फुटकी वाटी, ओल धरलेलं मीठ,
पत्राचा चौथा तुकडा.
पहिले तीन मी कधीच विकले होते.

तार जोडली गेली तेव्हा दोन वाजले होते.
लढाईला गेले नाही.
चालत निघाले उलटी, पहिल्या गावाकडे,
जिथे नवखे अजून कोंबड्या मारतात,
आणि पिवळं चिन्ह डोक्यावर घेऊन म्हातारा
अकरा वर्षं त्याच पायरीवर.
बोल बाबा, म्हटलं. सगळं सांग.

आटपाट नगर होतं, तसंच काहीसं.
पूर आला. माणसं टेकडीवर गेली, ती खाली राहिली,
कारण पोर खेळायला गेलेलं आणि जेवायची वेळ झालेली.
हाका मारत राहिली.
घसा बसला तेव्हा कढई वाजवायला लागली.
पाणी चढत गेलं, तरी वाजवत होती.
माझी मुलगी, म्हातारा म्हणाला,
आणि थांबला.
त्याच्याकडे एवढेच शब्द दिलेले होते.

कुणी दिले असतील?
कुठल्याशा कचेरीतला पगारी माणूस,
सगळे घरी गेल्यावर एका डावाला
दातांचे व्रण लिहीत बसलेला,
तीन नाण्यांच्या डावाला.

शनिवारी मी हेडफोनमध्ये सांगितलं.
कुणी काही बोललं नाही.
एलिसेओच्या मागे कुत्रं भुंकत होतं.
मग फ्रेसिया म्हणाली, चला, माझी पाळी आहे सहाला.
गेलो.
ती आली, चिखल निथळत.
एक.
दोन.
तिसऱ्याला कुणीच उडी मारली नाही.

सोळाच्या सोळा मेलो.
चिलखतं दुरुस्त करायला आता चारशे पडणार,
फ्रेसिया म्हणाली,
हसत होती की नाक ओढत होती, जहाजावरून कळेना.
पडू देत.

मी किटली पुन्हा शेगडीवर ठेवली.
बाहेर वारा छपराचा सुटलेला पत्रा आपटत होता.
मोजायचं नाही असं ठरवलं,
आणि मोजत राहिले.