रायी

सीनेत पाणी नव्हतं. वडकबाळच्या पुलापासून जरा वर
वाळू उपसणाऱ्यांनी चाळणीवरून नाकारलेला ढीग,
नेमका आमच्या कामाचा.

मल्लेशम गड्डम. वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं यंत्रमागावर, त्यात एक कान गेलेला.
मला म्हणाला, आधी डोळे मीट.
सूत बघायचं नसतं, चिमटीत धरायचं असतं.
दगडाचंबी तसंच.

हा बोचतो. कडा जिवंत आहेत अजून.
म्हणजे इथलाच, परवा कुठल्या बांधावरनं घसरलेला.
हा धोट्यासारखा, दोन्ही टोकं निमुळती:
लई येरझाऱ्या झाल्यात ह्याच्या.

मग त्यानं एक गोटा चाटला. खुशाल चाटला.
कोरडा दगड खोटं बोलतो, म्हणाला.
ओल्या काळ्यावर पांढरे ठिपके वर आले.
मी पुस्तकातलं सांगितलं: लाव्हा थिजताना
वाफेचे बुडबुडे आत अडकतात,
लाखो वर्षांनी त्या पोकळीत गार भरते.
म्हणजे इडलीगत की, म्हणाला.
त्यावर मला काही सुचलं नाही.

अकीक उन्हात धरला. कडेला मध पेटला.
दोन दोन गोटे चांगल्या कानापाशी नेऊन वाजवले:
खणकन वाजला तो पिशवीत,
बद्द वाजला तो परत ढिगात.

पेच एकाच्याच बाबतीत पडला.
लाल, वापरलेल्या साबणाच्या वडीएवढा, सगळ्यांत गुळगुळीत,
आणि बद्द.
वीट होती ती. कुणाच्या तरी न्हाणीची, नाहीतर चुलीमागची.
मी म्हटलं, हा दगडच नाही.
नदीला सांगितलं का कुणी ते? म्हणाला,
आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

तेलुगूत दगडाला रायी म्हणतात.
मी हसले. आमच्यात राई म्हणजे मोहरी,
आम्ही राईचा पर्वत करतो.
तो ढिगावर बराच वेळ गप्प बसला.
वाटलं, नीट ऐकू गेलं नसावं.
मग चिमूटभर वाळू उचलून
माझ्या तळहातावर सोडली:
ही घे. हिचं काम उलटं.

निघताना त्यानं पात्रात बोट दाखवलं.
चपटे गोटे, एकाच्या पाठीवर एक,
कौलं शाकारल्यासारखे,
सगळ्यांचा कल उगमाकडे.
धार आटून सहा महिने झाले असतील.
अजून रेलून बसलेत बघ, म्हणाला.
धक्का येणार म्हणून.