परांची

चाळीस मिनिटं मिळतात.
त्यातली बारा पट्टे आवळण्यात जातात.
अमरीन गुडघ्याशी बसून
चिकटपट्टीवरचे आकडे वाचते,
मांडी एकेचाळीस, पोटरी एकोणचाळीस,
आणि किल्लीने नळ्या लांबवते.
माझ्या आधी फ्लेव्हिया असते, वसईची.
तिची माझी ओळख लिफ्टच्या दारातली,
चाकखुर्ची चाकखुर्चीला वाट देते तेवढीच.
पण एकदा पावलाचं माप बदलायचं राहिलं
अन् मी तीन पावलं
फ्लेव्हियाची चाललो.
आखूड होती. घाईची होती.
तिला कुठे जायचं असेल?

मी परांच्या बांधायचो.
घाटकोपर ते मुलुंड, अकरा-अकरा मजले,
बांबू आणि सुंभ, बाकी हाताची ताकद.
पडलो मात्र पहिल्याच मजल्यावरून.
हे सांगितलं की लोक जरा हिरमुसतात.
बेंबीखालचं सगळं तेव्हापासून
नावावर आहे, ताबा नाही.
सुंभ जळला, पीळ तेवढा राहिला:
रात्री पाय आपोआप ताठतात, थरथरतात,
माझ्याशिवायच कुठल्यातरी शिडीवर चढतात.

आता मलाच परांची बांधलीय.
बांबूच्या जागी काळी नळी,
गाठीच्या जागी वेल्क्रो,
जे सोडताना फडका फाडल्यासारखं ओरडतं.
मोटर गुणगुणते, उजवा गुडघा
मला न विचारता पुढे जातो.
मी चालतोय असं नाही म्हणणार.
चालणं माझ्यातून जातंय,
गल्लीतून वरात जावी तसं.
भांडी थरथरतात,
लग्न दुसऱ्याचं.

तरी पहिल्या दिवशी
उभा राहिलो तेव्हा आधी चक्कर आली,
मग उंची आली.
चार वर्षं हे परळ मी कमरेएवढं बघत होतो:
पट्टे, पिशव्या, कुणाचं लोंबतं ओळखपत्र,
आईचं बोट धरून माझ्याकडे टक लावणारी पोरं,
बँकेच्या काउंटरची खालची फळी
आणि पलीकडून नुसता आवाज, "बोला काका."
आता एकदम कपाटाचा माथा दिसला.
त्यावर धूळ, आणि डब्याचं एक झाकण,
कोणीतरी ठेवून विसरलेलं.

सुलभा समोर होती, पाण्याची बाटली धरून.
खालून मला तिची हनुवटी पाठ झालीय,
हनुवटीखालचा तीळसुद्धा.
ती माझ्या खांद्याला लागते
हे मी विसरूनच गेलो होतो.
वरून तिचा भांग दिसला.
दोन्ही बाजूंनी पांढरा,
बोटभर रुंद,
दुपारी उन्हात सुकत घातलेल्या दोरीसारखा.
कधी झाला? मी तर रोज घरीच असतो.
"काय बघताय एवढं?"
"कपाटावर धूळ आहे," मी म्हटलं.

बॅटरी संपत आली की यंत्र दोनदा टिटवतं.
काम पुरं झालं की परांची वरून खाली सोडतात,
शेवटची गाठ जमिनीजवळची.
अमरीनला हे कोणी शिकवलं नाही,
पण तीही तशीच सोडते,
छाती, कंबर, मांडी, घोटा,
आणि मला खुर्चीत उतरवते, हलकेच,
पाडकामात शाबूत काढलेली खिडकी ठेवतात तशी.
पैसे ट्रस्ट भरतो. डिसेंबरपर्यंत.
पुढचं पुढे.

मग ते यंत्र कोपऱ्यात
कोणाच्याही आधाराशिवाय उभं राहतं.
मी मान वर करून बघतो.
एवढ्या बांधल्या आयुष्यात,
पण आत इमारतच नाही अशी परांची
इथे येऊन पाहिली.

रात्री घरी सुलभाने
लोखंडी कढईत मेंदी भिजत घातली,
वरून चहाचं गार पाणी ओतलं.
मी विचारलं नाही.
"गुरुवारी परत उभं करणार ना तुम्हाला?"
ती कढईतच बघत म्हणाली,
आणि चमचा फिरवत राहिली,
गाठी मोडेपर्यंत.