अळणी

डॉक्टर हाताकेयामा माझ्या नातीच्या वयाच्या.
त्यांनी पडद्यावर किसाबुरोचा मेंदू लावला
आणि पेनाच्या टोकानं दाखवलं: इथे, इथे, आणि हा इथे.
करड्यात पांढरे ठिपके,
काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले.

मी म्हटलं, बर्फ.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मोठे रस्ते चालू आहेत, आजी.
गल्ल्या बंद पडल्यात.
केसाहून बारीक रक्तवाहिन्या;
वर्षानुवर्षांच्या दाबानं त्यांच्या भिंती जाड झाल्या, ताठ झाल्या,
आणि आतल्या घरांना रक्त पोचेना.

मी त्याच्याकडे पाहिलं.
तो टोपीची पट्टी लावत होता, काढत होता, लावत होता.

एकतीस हिवाळे या माणसानं
योकोतेच्या गल्ल्या उघडल्या.
रात्री दोनला उठायचा,
केशरी यंत्राचा दिवा फिरत फिरत आमच्या खिडकीवरून जायचा.
हमरस्ता कुणीही उघडेल, म्हणायचा,
म्हातारी माणसं गल्लीत राहतात.
मागच्या पिंपातून मीठ सांडत जायचं,
बर्फ कुरकुरत विरघळायचा.

सातला घरी. मिसोचं सार, तीन वाट्या भात,
आणि माझा मुळा,
चुलीवर टांगून चेरीच्या लाकडाचा धूर दिलेला,
मग कोंड्यात आणि मिठात पुरलेला.
कर्र कर्र चावायचा.
अजून थोडं मीठ पडलं असतं तर, म्हणायचा.
पुढच्या वर्षी मी घालायचे.

दर वसंतात आरोग्यखात्याची बाई दंडाला पट्टा बांधायची.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
यंत्राला थंडी बाधलीये, म्हणायचा,
आणि तिलाही मुळा बांधून द्यायचा.

तो खाल्ल्या मिठाला जागला.
मीठ काही त्याला जागलं नाही.

आधी बूट घातले, मग मोजे.
एवढंच. नोव्हेंबरात.
मग कितीतरी महिने काहीच नाही, इतकं काहीच नाही
की मीच विसरले.
मग एका सकाळी तो किटलीसमोर उभा,
चहा, पाणी, आग, सगळं ओळखीचं,
पण आधी काय, ते हरवलेलं.
जिना उतरल्यासारखं आहे हे,
पायरीवर थांबतो, मला वाटतं तळ आला,
मग अंधारात पाय पुन्हा खाली जातो.

फक्त मिठानं नाही हो, डॉक्टर म्हणाल्या,
सिगारेट होती, साखर होती, वय आहे.
मी मान हलवली.
हात मात्र मांडीवर पालथे ठेवले.

आता मी अळणी रांधते.
सुक्या माशाचं पाणी, आळंबी, वर युझूची साल.
तो एक घोट घेतो, वाटी खाली ठेवतो.
कोण गेलं आपल्याकडे? विचारतो.
कुणी नाही रे. मीठ संपलंय.
दुकान?
बर्फात अडकलंय.
रोज हेच खोटं, आणि रोज त्याचा चेहरा उजळतो:
मग मला जायला हवं.

दोनला उठतो. चावी शोधतो.
सुरुवातीला मी दाराला कडी घालायचे.

आता फावडं मी घेते, त्याला ते उचलायचं नाही.
टॉर्च त्याच्या हातात.
आमच्या उंबऱ्यापासून सावागुची बाईंच्या फाटकापर्यंत
अकरा पावलं. त्या जाऊन सहा वर्षं झाली.
मी हे सांगत नाही.
जेवढ्या गल्ल्या उरल्यात तेवढ्या राखू, डॉक्टर म्हणाल्या होत्या,
दाब खाली ठेवू, दिवसा चालवत जा त्याला.
रात्रीचं त्या बोलल्या नव्हत्या.

सकाळी पट्टा बांधीन. आकडा वहीत लिहीन.
काल एकशे चौतीस होता.

सध्या बर्फ पडतोय, मी ढकलतेय,
तो मागून उजेड धरतो
आणि जुन्या, ठाम आवाजात सांगतो:
हळू.
कडेकडेनं घे.
भिंत खरवडू नकोस.